माती पोटात घालते, पण लगेच पचवत नाही

रानात शौचाला बसण्याचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "एवढी जनावरं रोज जंगलातच करतात, मग आपल्याच वेळी एवढं काय?" प्रश्न वाजवी आहे. जनावरांच्या विष्ठेतही जंतू असतात, आणि त्यातले काही आपल्याला बाधतात. पण माणसाच्या आतड्यात वाढलेल्या विषाणूंना पुढचं माणूस गाठायला फारसे कष्ट पडत नाहीत. नोरोव्हायरसचे शंभराच्या आतले कणही धडधाकट माणसाला उलट्या-जुलाबांनी आडवं करू शकतात, आणि आजारी माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत हे कण अब्जावधी असू शकतात. शिवाय जनावरं रानभर विखुरलेली असतात. माणसं मात्र एकाच पायवाटेने जातात, एकाच झऱ्याकाठी मुक्काम करतात आणि आडोशासाठी सगळ्यांना तोच एक मोठा खडक सापडतो.

म्हणून पुरायचं. खड्डा 15 ते 20 सेंटिमीटर खोल आणि 10 ते 15 सेंटिमीटर रुंद हवा. छोटी खुरपी जवळ असली तर काम सोपं, कारण नुसत्या काठीने एवढी खोली गाठताना बहुतेकांचा धीर सुटतो, तोही नेमका घाईच्या वेळी. जागा निवडताना माती बघावी. काळसर, भुसभुशीत, बारीक मुळांनी विणलेली माती असेल तर तिथे हवा खेळती असते आणि कुजवणारे सूक्ष्मजीव भरपूर असतात. अजून खाली गेलं की दोन्ही कमी होतात, त्यामुळे जास्त खोल म्हणजे जास्त चांगलं हा हिशेब इथे चालत नाही. काम झाल्यावर वाळक्या काडीने थोडी माती आत कालवून घ्यावी, वरून उरलेली माती दाबावी, पालापाचोळा पसरावा. काडी तिथेच पुरून टाकावी.

आता नावडती गोष्ट. अमेरिकेत माँटाना राज्यातल्या ब्रिजर पर्वतरांगेत संशोधकांनी ई. कोलाय आणि साल्मोनेला हे जिवाणू मिसळलेली विष्ठा अशीच मातीत पुरून ठेवली आणि ती वेळोवेळी उकरून तपासली. 1982 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हिवाळा उलटून गेला, 51 आठवडे झाले, तरी जिवाणू जिवंत होते. कमी-जास्त खोल पुरल्यानेही विशेष फरक पडला नव्हता. म्हणजे खड्ड्यात जंतू पटकन मरतात ही आपली समजूत निदान थंड डोंगराळ मुलखात तरी खरी नाही. मग खणायचं कशाला? माश्या, बूट आणि पावसाचं वाहतं पाणी, या तिघांपासून ती घाण लांब राहावी म्हणून.

माझ्या मते खोलीपेक्षा अंतर महत्त्वाचं, आणि नेमकं तिथेच लोक कंटाळा करतात. पाणी, वाट आणि तंबू या तिन्हींपासून निदान 60 मीटर लांब जायचं, म्हणजे साधारण ऐंशी पावलं. जिआर्डिया या जुलाब लावणाऱ्या परजीवीची कवचातली सुप्त अवस्था थंड पाण्यात काही महिने तग धरते. कोरडा ओढा दिसला तरी तो पाण्याचाच रस्ता आहे हे विसरू नये. पाण्याने धुणाऱ्यांनीही बाटली घेऊन खड्ड्यावरच धुवावं. ओढ्यात उतरून धुणं म्हणजे खालच्या बाजूला पाणी भरणाऱ्याच्या बाटलीतच ते ओतणं.

टिश्यू वापरत असाल तर पिशवीत घालून परत आणा. वेट वाइप्समध्ये बहुधा प्लास्टिकचे धागे असतात, त्यामुळे ते पुरायचा प्रश्नच येत नाही. कागद जाळून टाकणं तर त्याहून वाईट. ऑगस्ट 2016 मध्ये स्पेनच्या ला पाल्मा बेटावर एका तरुणाने वापरलेला टॉयलेट पेपर पेटवला आणि त्यातून वणवा भडकला. हजारो हेक्टर जंगल जळालं आणि आग विझवायला गेलेल्या एका वनरक्षकाचा जीव गेला.

जिथे मातीच नाही तिथे खड्ड्याचा मार्ग बंद. बर्फात पुरलेलं कुजत नाही, नुसतं गोठून राहतं आणि हिमनदीबरोबर सरकत कधीतरी खाली उघडं पडतं. म्हणूनच अलास्कातल्या डेनाली शिखरावर गिर्यारोहकांना झाकणाचे खास डबे न्यावे लागतात. एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या बाजूला 2024 पासून स्थानिक प्रशासनाने विष्ठा पिशवीत भरून खाली आणायचा नियम केला. या पिशव्यांतली पूड ओल शोषून विष्ठेचा घट्ट गोळा करते आणि वासही दाबते. गर्दीच्या कुठल्याही वाटेवर हाच उपाय योग्य वाटतो. किळस वाटते खरी, पण ती पहिल्या वेळेपुरतीच.

लघवीचा धोका त्या मानाने पुष्कळ कमी. फक्त तिच्यात क्षार असतात. अमेरिकेच्या ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात पहाडी बकऱ्यांना या क्षारांची इतकी चटक लागली होती की त्या माणसांच्या मागे मागे फिरत आणि लघवी पडलेली जमीन खुरांनी उकरत. खडकावर केली तर झाडाझुडपांची नासधूस तरी टळते.

उरले हात. सॅनिटायझर नोरोव्हायरसवर फारसा चालत नाही, त्यामुळे साबण आणि पाणीच हवं, तेही ओढ्यापासून त्याच 60 मीटर अंतरावर. साबण निसर्गात विघटन होणारा असला तरी थेट ओढ्यात नको. आणि बरोबरच्या मंडळींना खाऊ देताना पुडा पुढे करून सगळ्यांना हात घालू देण्यापेक्षा ज्याच्या त्याच्या ओंजळीत ओतावा.