पालकाच्या रकान्यात सही कोणाची?

जूनचा दुसरा आठवडा. बालगृहाचे अधीक्षक चार-पाच मुलांना घेऊन शाळेच्या ऑफिसात बसलेले. मांडीवर प्लॅस्टिकची फाईल, आत निराधार मुलांचा ताबा कोणाकडे द्यायचा ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीच्या आदेशांच्या झेरॉक्स. क्लार्क मुलाचं नाव लिहितो, पुढच्या रकान्याशी येतो आणि मान वर करून विचारतो, "वडिलांचं नाव?" त्याखाली आईचं नाव, आडनाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. मूल तिसऱ्या वर्षी रेल्वे स्टेशनवर सापडलेलं असेल, तर यातला एकही रकाना भरता येत नाही. मूल शेजारी उभं राहून हे सगळं ऐकत असतं. मी असे प्रवेश पाहिले आहेत. त्या दोन मिनिटांत मुलाची नजर कुठे जाते, ते विसरता येत नाही.

या रकान्यांमागे पावणेदोनशे वर्षांचा कायदा आहे.

अनाथ मुलांचा उल्लेख करणारा आपल्याकडचा जुना कायदा १८५० चा, शिकाऊ उमेदवारांचा. सार्वजनिक धर्मादायावर वाढणाऱ्या गरीब आणि पोरक्या मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली बांधून द्यावं आणि हुन्नर शिकवावा, एवढाच त्याचा आवाका. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली, तीही औद्योगिक शिक्षणाचीच. समाजसुधारकांची वाट वेगळी होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ चा, प्रार्थना समाजाच्या मंडळींनी सांभाळलेला. टाकून दिलेल्या तान्ह्या बाळांना तिथे आसरा मिळाला. पण हे सगळं दात्यांच्या बळावर चाललं होतं. या मुलांचं सरकारशी नातं काय, हे कायद्याने अजून ठरवलं नव्हतं.

ते ठरू लागलं १९२४ च्या मुंबई मुले अधिनियमाने, आणि पुढे त्याची जागा घेणाऱ्या १९४८ च्या कायद्याने. निराधार मुलाला बाल न्यायालयापुढे उभं करायचं आणि न्यायालयाने त्याला 'सर्टिफाइड स्कूल'मध्ये पाठवायचं, अशी रीत पडली. इथे 'स्कूल' म्हणजे गावातली शाळा नव्हे. राहणं, जेवण, अक्षरओळख, सुतारकाम, शिवणकाम, सगळं एकाच कुंपणाच्या आत. बाहेरच्या शाळेत नाव घालण्याचा प्रश्न तिथे फारसा येतच नसे. चोरीत सापडलेला मुलगा आणि घर हरवलेला मुलगा, दोघांचीही पहिली रात्र त्याच रिमांड होममध्ये जाई. कायद्याच्या भाषेतून 'रिमांड होम' हा शब्द नंतर नाहीसा झाला, बोलण्यातून मात्र गेला नाही. आजही काही पालक शिक्षकांना विचारतात, "ती रिमांड होमची पोरं आमच्या मुलांच्या वर्गात का?"

देशभर एकच कायदा आला तो १९८६ मध्ये. त्याने या मुलांना 'उपेक्षित' म्हटलं. मुलगा सोळापर्यंत बालक, मुलगी अठरापर्यंत. २००० च्या बाल न्याय कायद्याने दोघांनाही अठराची मर्यादा दिली आणि शब्दही बदलला: 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक'. अशा मुलांसाठी बाल कल्याण समिती, कायद्याशी संघर्ष झालेल्यांसाठी वेगळं बाल न्याय मंडळ. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. समितीच्या आदेशाने मूल बालगृहाच्या ताब्यात येतं आणि त्या आदेशाच्या जोरावर अधीक्षक पालकाच्या रकान्यात सही करतात. २०१५ च्या कायद्याने हीच चौकट ठेवली, शिवाय मुलाची जन्मनोंद आणि ओळखीचा पुरावा मिळवून देण्यात मदत करणं हे संस्थेच्या कामांत घातलं.

वयाचा घोळ मात्र चमत्कारिक आहे. याच कायद्याचं कलम ९४ वय ठरवताना आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला बघतं, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा, आणि दोन्ही नसतील तर वैद्यकीय तपासणी. शाळा मात्र नाव घालण्याआधी जन्मदाखला मागते. ज्याच्याकडे दोन्ही नाहीत ते मूल मध्येच अडकतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ ने ही गाठ सोडवली: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. १ एप्रिल २०१० पासून हे लागू आहे. ऑफिसातल्या टेबलापर्यंत ते पोचायला पुष्कळ वेळ लागला.

त्याच कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवल्या. दुर्बल घटक पालकाच्या उत्पन्नावर ठरतो. ज्याला पालकच नाही, त्याने उत्पन्नाचा दाखला कोणाचा आणायचा? वंचित घटकात अनुसूचित जाती-जमाती आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आहेत, पण जात माहीत नसेल तर तेही दार बंद. 'अनाथ' हा शब्द व्याख्येत नव्हता. तो अधिसूचना काढून घालण्याची मुभा राज्यांना होती. महाराष्ट्राने अनाथ बालकांना वंचित घटकात घेतलं. मूल संस्थेत असेल तर संस्थेची कागदपत्रं, नसेल तर सांभाळणाऱ्याचं हमीपत्र, अशी सोय झाली.

जातीच्या रकान्याचा प्रश्न पुढच्या शिक्षणात आणि नोकरीत आणखी टोचतो. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेली एक तरुणी पुण्यात येऊन राज्यसेवेची परीक्षा देते, गुण मिळवते, आणि आवश्यक दाखला नाही म्हणून मागे राहते. तिने हा प्रश्न थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत नेला. २०१८ मध्ये राज्याने शिक्षण आणि शासकीय नोकऱ्यांत अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण ठेवलं. सुरुवातीची अट इतकी कडक होती की आईवडिलांचं नाव किंवा जात कुठेही नोंदलेली नको. ज्याच्या फाईलमध्ये कोणीतरी कधीतरी एक नाव लिहून ठेवलं होतं, तो मुलगा बाहेर. २०२१ च्या शासन निर्णयाने व्याख्या रुंदावली आणि अठरा वर्षांच्या आत दोन्ही पालक गमावून नातेवाइकांकडे वाढलेल्यांनाही आत घेतलं.

तरी एक फट राहिलीच. आई जिवंत असेल पण तिने सोडून दिलं असेल, तर ते मूल 'परित्यक्त'. ते अनाथ नाही, असं राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयात सांगितलं. दोन मुलींसाठी एका संस्थेने केलेली ती याचिका होती. २०२३ मध्ये न्यायालयाने हा भेद मान्य केला नाही. २०१५ च्या कायद्यातली 'अनाथ'ची व्याख्याच अशी आहे की ज्याचा कायदेशीर पालक सांभाळायला तयार नाही किंवा समर्थ नाही, तो मुलगाही त्यात बसतो. अनाथ असल्याच्या प्रमाणपत्राचा मार्ग त्या मुलींना मोकळा झाला.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या राज्यांना अनाथ मुलांना वंचित घटकात घेणारी अधिसूचना काढायला सांगितलं. किती अनाथ मुलांना शिक्षण हक्क कायद्याखाली प्रवेश मिळाला, किती राहिली आणि का राहिली, याचं सर्वेक्षणही करायला सांगितलं. बालगृहातल्या मुलाची निदान एक फाईल तरी असते. आजीकडे किंवा मामाकडे राहणारं मूल, ज्याच्यासाठी समितीसमोर कोणी गेलंच नाही, ते कोणत्याच यादीत नसतं. शाळेच्या रजिस्टरात त्याच्या वडिलांचं नाव व्यवस्थित लिहिलेलं आहे. नावापुढे 'कै.' लावायला मात्र रकान्यात जागा नाही.