शिक्षण, गरिबी आणि सरकारी मदतीचा खर्च (सोलापूर)

शिक्षण वाढलं की कमाई वाढते, गरिबी हटते आणि रेशन, पेन्शन, अनुदानावरचा सरकारचा खर्च उतरतो असं साधारण मानतात. ते खरंय, पण त्याला एक अख्खी पिढी जावी लागते, सोलापुरात हे अगदी स्पष्ट दिसतं.

इथल्या मोठ्या कापड गिरण्या बंद पडल्या आणि कितीतरी घरं बायकांच्या विड्यांवर चालायला लागली. शहराच्या पूर्व भागात किंवा विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत दुपारी कुठल्याही दारात बघा, मांडीवर सूप, कात्रीनं कापलेली पानं, तंबाखू आणि शेजारी दोरा बांधत बसलेली शाळेतली पोरगी. मजुरी हजार विड्यांवर, खराब म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत, मग घरातले सगळे हात कामाला लागतात. त्यात बऱ्याच घरात बोलणं तेलुगू आणि शाळा मराठी, म्हणजे पहिलीपासूनच चढण. ही पोरगी आठवी-नववीत सुटली की विड्याच वळणार, लग्न लवकर होणार आणि नवीन घराचं पण रेशन कार्ड पिवळंच. तीच बारावी होऊन नर्सिंगला गेली तर दर महिन्याला ठरलेला पगार येतो आणि तिची पोरं सुपापाशी बसत नाहीत.

खर्च मात्र आधी वाढतो. शाळेतलं जेवण, विडी कामगारांच्या मुलांची स्कॉलरशिप, २००९ च्या कायद्यानं १४ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची फी माफ, हे सगळं आज द्यायचं आणि फळ पंधरा-वीस वर्षांनी. तोवर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं माणशी ५ किलो धान्य थांबवून चालणार नाही, कारण पोट रिकामं असलं की पहिला बळी पोरीच्या शाळेचाच जातो.

चांगली शाळा शहरातच लागते असं पण नाही, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज जिंकले.

खरी अडचण पुढची आहे. शिकलेली पोरं पुण्याला जातात, हिंजवडीत कमावतात, टॅक्स तिकडं भरतात, आणि म्हातारे आई-बाप इथंच रेशनच्या रांगेत राहतात. म्हणून शिक्षणाचा फायदा राज्याच्या हिशोबात दिसतो, सोलापूरच्या हिशोबात कमी दिसतो, आणि इथं शिकलेल्याला इथंच धड पगाराचं काम मिळत नाही तोवर तो कमीच दिसणार.