जरंडेश्वरावर गुरू उगवला तर

ऑगस्ट जवळ आला की कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मेसेज येतोच: २७ तारखेच्या रात्री मंगळ चंद्राएवढा दिसणार, आकाशात दोन चंद्र, चुकवू नका. मूळ गोष्ट २००३ सालची. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ खरोखरच आपल्यापासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, आणि जवळपास साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. तेव्हा फिरलेल्या ईमेलमध्ये म्हटलं होतं की पंचाहत्तरपट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. पुढे ढकलता ढकलता दुर्बीण वाटेत गळाली आणि चंद्र तेवढा राहिला.

मंगळ खरंच चंद्राएवढा दिसायचा तर त्याला साडेसात लाख किलोमीटरवर यावं लागेल. आता इतकं आणायचंच आहे, तर हात कशाला आखडता घ्या? चंद्र उचलून बाजूला ठेवू आणि त्याच्या जागी, सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर, एकेक ग्रह आणून बघू. सूर्यापासूनचं अंतर आपलं आहे तेच.

आधी मापाचं बघू. पौर्णिमेच्या संध्याकाळी येवतेश्वरच्या घाटात एखाद्या वळणावर पूर्वेकडे तोंड करून उभं राहावं. खाली सातारा, उजव्या हाताला अजिंक्यतारा, आणि समोर जरंडेश्वराच्या डोंगराच्या बाजूने तांबूस, भलामोठा चंद्र वर येतो. हात पूर्ण लांब करून करंगळीचं नख त्याच्यावर धरलं की तो अख्खा नखाआड जातो, वर नख थोडं उरतंही. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा घेतो. उगवतानाचा मोठेपणा हा आपल्या मेंदूचा खेळ. उलट त्या वेळी तो आपल्यापासून थोडा जास्तच लांब असतो, कारण डोक्यावर आल्यावर जवळपास पृथ्वीच्या त्रिज्येएवढं अंतर कमी होतं.

दुसरी गोष्ट चंद्राच्या उजेडाची. कोजागरीला दुधात ज्याचं प्रतिबिंब बघतो तो चंद्र मुळात काळपट आहे. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला साधारण बारा टक्केच तो परत पाठवतो. जुना, झिजलेला डांबरी रस्ता असतो तसा. भोवतीचं आकाश काळं म्हणून तो पांढरा दिसतो इतकंच.

या दोन मापांवर छोटी मंडळी पटकन उरकता येतील. बुध चंद्राच्या दीडपटीला थोडा कमी आणि तसाच करडा, त्यामुळे आठवडाभरात कुणाच्या लक्षातही राहणार नाही. प्लुटो चंद्राच्या दोन तृतीयांश, पण त्याच्यावर बर्फ आहे, म्हणून आकार लहान असूनही चांदणं आत्ताच्या दुपटीच्या आसपास पडेल.

मंगळ चंद्राच्या जवळजवळ दुप्पट रुंद, एक अंशाचा. करंगळीच्या नखाआड आता तो जेमतेम मावेल. रंग गेरूकडे झुकणारा, उजेड पौर्णिमेच्या पाचपट. खरी मजा तपशिलात आहे. एवढ्या अंतरावरून साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर रुंदीची वस्तू चांगल्या डोळ्यांना ओळखू येते. म्हणजे ध्रुवांवरच्या पांढऱ्या टोप्या दिसतील, सहाशे किलोमीटर पसरलेला ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी ठिपक्यासारखा दिसेल, आणि चार हजार किलोमीटर लांबीची व्हॅलेस मरिनेरिस ही दरी बोचकारल्यासारखी उमटेल. मंगळाने स्वतःभोवती फिरण्याचा आपला वेग राखला, तर रात्रीचं जेवण झाल्यावर दिसलेली बाजू पहाटे नसेल. कधी सगळ्या ग्रहावर धुळीचं वादळ पसरलं, २०१८ साली पसरलं होतं तसं, की महिना-दोन महिने नुसता पिवळसर गोळा.

शुक्राच्या बाबतीत चित्र पालटतं. तो चंद्राच्या साडेतीनपट रुंद आणि ढगांनी पुरता झाकलेला. हे ढग सूर्यप्रकाश इतका परतवतात की त्याची पौर्णिमा आपल्या पौर्णिमेच्या सुमारे सत्तरपट उजळ असेल. रस्त्यावरच्या दिव्याखाली असतो तेवढा उजेड साऱ्या जिल्ह्यावर पडेल आणि गच्चीवर बसून पेपर वाचता येईल. कासच्या पठारावर तारे बघायला जाणाऱ्यांनी मात्र त्या पंधरवड्यात घरीच बसावं. आणि त्या गोळ्यावर ससा नाही, हरीण नाही, काहीच नाही. मुलांना गोष्ट सांगायला कोरी पाटी.

आतापर्यंत फक्त दिसण्याबद्दल बोललो, आणि अशी चित्रं रंगवणारे बहुतेक जण तिथेच थांबतात. पण ग्रह येताना आपलं वजन घेऊन येतो. शुक्राचं वस्तुमान पृथ्वीच्या ८१ टक्के आहे. तो आपल्याभोवती फिरणार नाही. दोघं मिळून मधल्या पोकळीतल्या एका बिंदूभोवती फिरतील, आणि एक फेरी सव्वासत्तावीस नव्हे तर साडेवीस दिवसांत पुरी होईल. अमावास्या ते अमावास्या साडेएकवीस दिवस. पंचांगकर्त्यांचे हाल बघा: एवढ्या दिवसांत तीस तिथी बसवायच्या म्हणजे एकेक तिथी सतरा-अठरा तासांची, क्षयतिथींचा नुसता पाऊस. वर्षाला सतराच्या आसपास संकष्ट्या. आज कॅलेंडरच्या मागे गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा बघून ताट वाढणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

भरती-ओहोटीचं गणित त्याहून कडक आहे. अंतर तेच ठेवलं तर समुद्राला ओढणारा जोर थेट वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो. मंगळाला जवळजवळ नऊपट, शुक्राला सहासष्टपट. साताऱ्याला समुद्र नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण भरती जमिनीलाही येते. आत्ताच्या चंद्रामुळेही आपल्या पायाखालची जमीन दिवसातून दोनदा सुमारे फूटभर वर-खाली होते. सगळंच एकत्र हलतं म्हणून कळत नाही. याची सहासष्टपट करून पाहा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेत जे झालं ते या जिल्ह्याला सांगायला नको. खडकात साठलेल्या ताणाला धरणाच्या पाण्याचं निमित्त कसं पुरतं, याचा अभ्यास तिथे आजवर चालू आहे.

नेपच्यून आणि युरेनस यांचं एका वाक्यात सांगता येईल: दोघंही चंद्राच्या चौदा-पंधरापट रुंद, निळसर, आणि त्यांच्याभोवती आपली एक फेरी आठवड्याच्या आत. 'आपली' हा शब्द लक्षात घ्यावा. इथून पुढे चंद्र आपण आहोत.

गुरू म्हणजे कमालच. एकवीस अंश. हात लांब करून वीत पसरा, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, तेवढा गुरू. चंद्राच्या चाळीसपट रुंद. त्याच्यावरचे तपकिरी-पांढरे पट्टे आणि त्यांच्या कडेचे भोवरे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतील. लाल डाग एकटाच आत्ताच्या चंद्राच्या पाच-सहापट रुंद, आणि गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरत असल्याने तो एका कडेला उगवून पाच तासांत दुसऱ्या कडेला मावळताना दिसेल. हे सारं येवतेश्वरच्या वळणावरून. पण जरंडेश्वरामागून गुरू वर येताना बघायची हौस भागणार नाही, कारण तो उगवणारच नाही.

कारण भरतीच. गुरूचा ओढा चंद्राच्या सुमारे पंचवीस हजारपट. एवढी ओढ पृथ्वीच्या फिरण्याला आवरत आवरत शेवटी तिची एकच बाजू गुरूकडे धरून ठेवील, जशी पृथ्वीने चंद्राची एकच बाजू धरून ठेवली आहे. मग साताऱ्याच्या नशिबात गुरू असला तर तो आकाशात एकाच जागी ठाण मांडून बसेल, आणि नसला तर तो पाहायला पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला जावं लागेल. दिवस-रात्र मिळून सदतीस तास, कारण गुरूभोवती आपली फेरीच तेवढ्यात होते. गुरू डोक्यावर आहे असं धरलं, तर मध्यरात्री तो पूर्ण उजळलेला असेल आणि त्याचा उजेड सूर्यप्रकाशाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा, म्हणजे आषाढातल्या दाट ढगाळ दिवसासारखा. भर दुपारी मात्र सूर्य त्याच्या मागे जाईल आणि दोन तासांहून जास्त काळोख. रोज खग्रास ग्रहण. वेध पाळणाऱ्यांना जेवायला वेळ सापडणं मुश्कील.

यातलं बरंचसं कल्पनेतलं नाही. गुरूपासून ४,२१,७०० किलोमीटरवर, म्हणजे आपल्या चंद्राच्या अंतराहून थोड्याच लांब, एक गोल आत्ता या क्षणी फिरतो आहे आणि आकारानेही तो आपल्या चंद्राच्या जवळपास आहे. त्याचं नाव आयो. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिलेल्या चौघांपैकी हा सगळ्यात आतला. त्याच्या आकाशात गुरू साडेएकोणीस अंशांचा आहे, एकाच जागी खिळलेला, आणि बेचाळीस तासांच्या प्रत्येक फेरीत तिथे ग्रहण लागतं.

आता एक शंका यायला हवी. आयोची एकच बाजू गुरूकडे असेल, तर भरतीचा फुगवटाही कायम एका जागी राहील, मग जमीन हलेल कशी? कक्षा अगदी वर्तुळ असती तर हललीच नसती. पण युरोपा आणि गॅनिमीड हे शेजारी आयोला ठरलेल्या तालात ओढत राहतात: आयोच्या चार फेऱ्या होतात तेव्हा युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक. त्यामुळे आयोची कक्षा किंचित लांबट राहते, गुरूपासूनचं अंतर कमी-जास्त होतं आणि सगळा गोल दर फेरीला आवळला-सैलावला जातो. त्या रगडण्याने आतला खडक तापतो. स्टॅन्टन पील आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हे गणित मांडून आयो आतून वितळलेला असावा, असं मार्च १९७९ च्या सुरुवातीला छापलं. त्याच आठवड्यात व्हॉयेजर-१ यान गुरूजवळून गेलं, आणि काही दिवसांत लिंडा मोराबिटो यांना यानाने पाठवलेल्या एका फोटोत आयोच्या कडेवर छत्रीसारखा उसळलेला फवारा दिसला. पृथ्वीबाहेरचा पहिला जिता ज्वालामुखी. भाकीत इतक्या वेळेवर खरं ठरल्याची उदाहरणं विज्ञानात फार नाहीत.

राहिला शनी. त्याच्या चित्रांवर माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे. डोंगराच्या वर अठरा अंशांचा शनी आणि भोवती चाळीस अंशांपर्यंत पसरलेली कडी, असं चित्र इंटरनेटवर पैशाला पासरी मिळतं. आकडे बरोबर आहेत. पण शनीचे जवळचे मोठे चंद्र त्याच्या विषुववृत्ताच्या पातळीतच फिरतात आणि कडीही नेमकी त्याच पातळीत आहेत. आपल्या चंद्राएवढ्याच अंतरावर, ३,७७,४०० किलोमीटरवर, शनीचा डायोनी नावाचा चंद्र आहे. तिथून कडी दिसतात ती फक्त कडेने. त्यांची रुंदी हजारो किलोमीटर असली तरी जाडी बहुतेक ठिकाणी काही दशक मीटरच, त्यामुळे शनीला मधोमध चिरणारी एक बारीक रेघ, एवढंच काय ते. डायोनीजवळून जाताना कॅसिनी यानाने काढलेल्या फोटोंत ही रेघ आहे. मागे शनीच्या ढगांवर कड्यांच्या सावल्यांचे पट्टे मात्र झोकदार पडलेले असतात.

उघडलेली कडी बघायची तर तिरक्या कक्षेतल्या चंद्रावर जायला हवं. मोठ्या चंद्रांमध्ये तसा एकच आहे, आयापेटस. त्याची कक्षा सुमारे पंधरा अंश कललेली आहे, त्यामुळे एकोणऐंशी दिवसांच्या फेरीत कडी कधी वरच्या अंगाने, कधी खालच्या अंगाने उघडत जातात. फक्त तो शनीपासून साडेपस्तीस लाख किलोमीटर लांब आहे. तिथून शनी दोन अंशांचा आणि कड्यांसकट साडेचार अंशांचाही नाही: लांब केलेल्या हाताची मधली तीन बोटं जुळवली, की सगळा त्यामागे जातो.