दचका वेगळा, धास्ती वेगळी: एकाच पेवातले दोन भयपट

भयपट बघून आलेला माणूस "लई घाबरवलं राव" म्हणतो, तेव्हा तो दोनपैकी कुठल्या गोष्टीबद्दल बोलतोय हे विचारून घ्यावं. पडद्यावर एकदम काहीतरी आलं आणि तो खुर्चीतून उडाला, हा दचका. किंवा बराच वेळ काहीच आलं नाही, तरी हातातले शेंगदाणे हातातच राहिले, ही धास्ती. नवख्यांच्या पटकथेत दोन्हीसाठी एकच ओळ असते: 'इथे प्रेक्षक घाबरतो.' या ओळीवरून कॅमेरा कुठे लावायचा हे ठरत नाही, आवाज काय ठेवायचा हेही ठरत नाही. कारण दोन्हींची मांडणी जवळजवळ उलटी असते.

फरक आहे तो कुणाला काय आणि कधी कळतं याचा. दचक्यात पात्र बेसावध असतं आणि प्रेक्षकही. धास्तीत प्रेक्षकाला आधीच कळलेलं असतं, पात्र मात्र आपल्याच नादात असतं. दिग्दर्शक हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण (बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत, टेबलाशी बसलेल्यांना नाही) सगळ्यांचं पाठ झालंय, म्हणून आपण सांगलीतलंच घेऊ.

सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाकडे, हळद साठवायची पेवं होती. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी: आत पोट मोठं, वर तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं. तोंड बंद करून माल महिनोन्‌महिने आत ठेवायचा. बंद पेवातला प्राणवायू कमी होत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसून राहतो. म्हणून पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही.

आता प्रसंग असा: संध्याकाळ झालीय, मालाची गाडी खोळंबलीय, एक तरुण हमाल पेवात उतरणार आहे.

दचक्याची मांडणी. पोरगा तोंडाशी वाकतो, बॅटरी मारतो, आत पोती दिसतात. बॅटरी डावीकडे जाते, काही नाही. उजवीकडे जाते, काही नाही. तो हुश्श करून मान वर करतो आणि त्याच्या मनगटावर आतून हात पडतो.

धास्तीची मांडणी. आधी, पाच मिनिटांपूर्वीच्या एका साध्या प्रसंगात, म्हातारा हमाल, तात्या, दोरीला कंदील बांधून दुसऱ्या पेवात सोडतो. अर्ध्यावर ज्योत बारीक होते, आणखी खाली गेल्यावर विझते. म्हातारा काही न बोलता कंदील वर ओढतो आणि बिडी पेटवत बाजूला बसतो. संपला प्रसंग. नंतर आपला पोरगा येतो. "तात्या, गाडी उभी हाय, मी उतरतो." तात्या पलीकडे वजनकाट्यावर आहेत, त्यांना ऐकू गेलेलं नाही. पोरगा शिडीवर पाय ठेवतो. कंदील मागे भिंतीला टांगलेला, न पेटवलेला. इथून पुढे भुताची गरजच उरत नाही. शिडीची प्रत्येक पायरी प्रेक्षक मोजतो.

दोन्हींत पेव तेच, पोरगाही तोच. पहिल्यातला थरार दोन सेकंदांत संपतो. दुसरा शिडी जेवढी लांब तेवढा टिकतो.

दचका हे संकलकाच्या टेबलावरचं काम आहे आणि त्यात फ्रेम मोजाव्या लागतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. ट्यूबच्या उजेडात लुकलुक टाळायला सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर सोयीचं पडतं. म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. मोठा आवाज अचानक कानावर आला की साधारण तेवढ्याच वेळात पापणी मिटायला लागते. हा मेंदूच्या तळाशी घडणारा प्रतिक्षेप, त्यात विचाराचा भाग नाही. पण आवाज खरोखर अचानक हवा. ठोक्याच्या, म्हणजे दचक्याच्या त्या अचानक आवाजाच्या, सुरुवातीला सवयीने छोटासा फेड-इन (आवाज हळूहळू चढवणं) लावला की प्रतिक्षेप मंदावतो आणि प्रेक्षकाला नुसता मोठा आवाज ऐकू येतो. ठोका चित्राच्याच फ्रेमवर किंवा एक फ्रेम आधी ठेवावा. उशिरा आला तर सगळं फसतं.

दुसरी चूक जागेची. नजर एका ठिकाणाहून दुसरीकडे वळायला साधारण २०० मिलिसेकंद घेते, म्हणजे पाच फ्रेम. प्रेक्षक उजव्या कोपऱ्यातल्या दाराकडे बघत असेल आणि चेहरा डाव्या कोपऱ्यात आला, तर दचका तिथेच विरतो. हात मनगटावर पडायचा असेल तर आधीच्या शॉटमध्ये नजर मनगटाजवळच आणून ठेवावी.

तिसरी चूक सगळ्यात जास्त दिसते: सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरून टाकलेलं पार्श्वसंगीत. दचक्याला उंची मिळते ती आधीच्या शांततेमुळे. ठोका आधीच्या पातळीपेक्षा १५-२० डेसिबलने वर गेला पाहिजे, आणि संगीत आधीच माथ्याला टेकलं असेल तर वर जायला जागाच नसते. शांतता करायची म्हणजे सगळे आवाज शून्यावर पाडायचे असंही नाही. ट्रॅक पूर्ण कोरा झाला की प्रेक्षकाला वाटतं स्पीकर गेला, किंवा तो सावध होतो. आठ-दहा सेकंदांत आधी रातकिडे काढावेत, मग लांबचा मोटरपंप, आणि जागेचा स्वतःचा आवाज तेवढा ठेवावा. त्यासाठी चित्रीकरणाच्या जागी सगळ्यांना गप्प करून मिनिटभर नुसता आवाज रेकॉर्ड करून घ्यावा लागतो. गळीत हंगामात सांगली भागात रात्री हे करणं म्हणजे शिक्षाच, दर पाच मिनिटांनी उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून जातो. हंगाम संपेपर्यंत थांबता येत असेल तर थांबावं.

धास्ती मात्र कागदावरच ठरते. प्रेक्षकाला नियम आधी द्यायचा, आणि तो असा द्यायचा की त्याला शिकवणी वाटू नये. कंदिलाच्या प्रसंगात म्हाताऱ्याच्या तोंडी "आत विषारी हवा असते बघ" असं वाक्य घातलं की काम बिघडलं. विझलेली ज्योत पुरते. नियम देणं आणि धोका येणं यांत अंतर हवं, पण इतकंही नको की प्रेक्षक विसरेल. लघुपटात चार-पाच मिनिटं ठीक.

मग भूगोल. शिडी कुठे, तात्या कुठे, कंदील कुठे, हे एका रुंद शॉटमध्ये दाखवून घ्यावं. ते न दाखवता नुसते जवळचे शॉट जोडत गेलं तर मदत किती लांब आहे हे कळत नाही, आणि ते कळलं नाही तर धास्ती बसत नाही. कट जितके कमी तितकं बरं. प्रत्येक कट म्हणजे प्रेक्षकाला श्वास घ्यायला दिलेली सवड. अंधारही जपून. धास्तीत धोका दिसला पाहिजे, निदान त्याची जागा तरी. सगळी फ्रेम काळी करून मोबाइलच्या सेन्सरवर आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) चढवलं की भीतीऐवजी दाणे दिसतात. सूर्य बुडाल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत रुंद शॉट उरकून घ्यावेत.

आवाजाची गोम इथे वेगळी. धास्तीसाठी खाली घुमणारा खर्जाचा सूर लावायची पद्धत आहे. हेडफोनवर तो छातीत बसतो, पण मोबाइलच्या स्पीकरमधून १५० हर्ट्‌झच्या खालचं जवळजवळ काहीच बाहेर येत नाही. आणि आपला प्रेक्षक बहुतेक मोबाइलवरच आहे. त्यापेक्षा शिडीची करकर, दोरीचा पीळ ताणल्याचा आवाज, पोराचा श्वास वापरावा. हे आवाज कुठल्याही स्पीकरवर पोचतात.

आरसा, मांजर, अमावस्या, मोबाइलला नसलेली रेंज हे ठरलेले संकेत दोन्हीकडे चालतात, पण कामं वेगळी करतात. दचक्यात मांजर म्हणजे खोटा दचका: सुटलो म्हणून प्रेक्षक सैल होतो आणि मग खरा येतो. असा खोटा दचका चित्रपटात एकदा, फार तर दोनदा. पुढे लोक मांजराची वाटच बघतात. रेंज नसणं हा धास्तीचा संकेत, पण तो जागेला शोभला पाहिजे. कोयनेच्या खोऱ्यात चालेल, सांगलीच्या मारुती चौकात लोक हसतील.

दोन्ही एकत्र आणता येतात का? येतात, पण क्रम उलटा चालत नाही. १९४२ च्या 'कॅट पीपल' या अमेरिकन भयपटात एक बाई रात्री एकटी चाललीय, मागे पावलं ऐकू येतात, मग ती थांबतात, आणि त्याच क्षणी फ्रेममध्ये फुस्स करत बस घुसते. आधी लांबलचक धास्ती, शेवटी दचका. मात्र दचका साठवलेली सगळी धास्ती रिकामी करतो. लोक हसतात, शेजारच्याला कोपर मारतात, दहा-पंधरा सेकंद पडद्याकडे धड लक्ष नसतं. त्या वेळात कथेची महत्त्वाची माहिती सांगितली तर ती वाया जाते. पेवाच्या प्रसंगात म्हणूनच पोरगा शिडीवर असताना हात आणू नये. तो बाहेर आल्यावर, तात्यांनी शिव्या घालून झाल्यावर आणला तर आणावा.

कोणतंही रूप निवडा, खऱ्या पेवात नटाला उतरवू नका. जळती ज्योत प्राणवायू सोळा-सतरा टक्क्यांच्या आसपास आला की विझते, पण ज्योत जळतेय म्हणजे हवा चांगली आहे असंही नाही. तीन फुटी सिमेंटच्या दोन रिंगा एकावर एक ठेवून, बाहेरून माती लिंपून तोंड तयार होतं. आतला भाग गोदामाच्या कोपऱ्यात पोत्यांची गोल भिंत रचून करावा आणि वरून एकच दिवा सोडावा. वर चढणारा पोरगा आणि खाली उतरलेला पोरगा वेगवेगळ्या दिवशी टिपले जाणार, म्हणून सदऱ्यावरच्या हळदीच्या डागांचे फोटो आधी काढून ठेवावेत.