कुंडीतलं ब्रह्मकमळ आणि हिमालयातलं ब्रह्मकमळ

पावसाळ्यात परभणी-नांदेडकडे रात्री दहाच्या सुमारास शेजारून हाक येते, "या हो, ब्रह्मकमळ उमललंय!" मग कुंडीपुढे रांगोळी, निरांजन, फोटो. उजाडेपर्यंत फुलानं मान टाकलेली असते. फूल देखणं आहे, वासही सुरेख. पण हे हिमालयातलं ब्रह्मकमळ नव्हे, मेक्सिकोकडचा निवडुंग आहे. शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम.

खूण सोपी आहे. आपण पान म्हणून मागून आणतो आणि मातीत खोचतो ते चपटं खोड असतं. त्याच्या कडेला खाचा असतात आणि कळी तिथूनच फुटते. एका प्रदर्शनातून ‘थेट हिमालयातून’ म्हणून मी घेतलेल्या रोपालाही पुढे अशाच खाचा दिसल्या. देवाला वाहायच्या फुलाच्या नावावर अशी विक्री होते, याचं वाईट वाटतं.

केदारनाथला जाऊन आलेल्यांनी अस्सल फूल पाहिलं असेल. साधारण 3,700 ते 4,600 मीटर उंचीवर, जिथे मोठी झाडं संपतात तिथे ते वाढतं. फिकट पिवळसर-हिरव्या, कागदासारख्या पातळ आवरणांची होडी आणि तिच्यात दाटीनं बसलेली जांभळी बोंडं. उत्तराखंडाचं ते राज्यफूल आहे.

अशा उंचावरच्या वनस्पतींना आल्प्स पर्वतावरून ‘अल्पाइन’ म्हणतात, आणि या फुलाच्या नावातही आल्प्स आहेच. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ऑरेस-बेनेदिक्त द सोस्यूर 1787 साली आल्प्समधलं माँ ब्लाँ हे शिखर चढून गेले. त्यांच्या आणि त्यांच्या मुलाच्या सन्मानार्थ वनस्पतिशास्त्रज्ञ द कान्दोल यांनी 1810 मध्ये एका प्रजातीला सॉसुरिया नाव दिलं. आपलं ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा. मला याहून नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. 1828 मध्ये मेक्सिकोच्या त्या निवडुंगाचं शास्त्रीय वर्णन केलं ते द कान्दोल यांनीच, आणि 1830च्या दशकात या हिमालयी फुलाचंही. एकाच हातानं वेगळी नोंदवलेली दोन झाडं आपल्या अंगणात एका नावाखाली आली.

अस्सल रोप इथे आणून जगवावं म्हटलं तर ते होणं नाही. त्याला वर्षातला मोठा काळ बर्फाखालची झोप हवी असते आणि पान, फूल, बी हे सगळं थोड्या महिन्यांत उरकायचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो आणि रात्रीही उकडतं. दिवसा कमावलेलं अन्न अशा रात्री श्वसनातच खर्च होतं.

पण त्याचं गोत पाहायचं तर मराठवाड्याबाहेर जायला नको. सॉसुरिया सूर्यफुलाच्या कुळातली, आणि त्या कुळातही करडईच्या गटातली. रब्बीत करडई फुलली की एक बोंड बोटांनी जपून उलगडून बघा. बाहेरची काटेरी हिरवी पानं आणि आत दाटीनं बसलेली केशरी फुलं. केदारनाथला त्याच जागी काट्यांऐवजी ती कागदी होडी असते.