आयब्रो (उपनगरातल्या पार्लरातली)

आयब्रो करणं म्हणजे दोऱ्याने भुवयांचे जास्तीचे केस मुळापासून काढून त्यांना शेप देणं, आणि आता त्याच्या जोडीला भुवयांना रंग लावणं, ज्याला टिंट म्हणतात. मराठीतला जुना शब्द भुवया कोरणं, पण डोंबिवली, बदलापूर, विरार कुठेही जा, बायका 'आयब्रो करून आले' असंच म्हणतात, 'थ्रेडिंग' रेटकार्डावर लिहिलेलं असतं.

पार्लर म्हणजे बऱ्याचदा सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा नाहीतर वन बीएचकेतली बाहेरची खोली, मागे झुकणारी एक खुर्ची, आरसा, पडदा आणि दारावर 'फक्त महिलांसाठी'. लोकलमधून उतरलेली बाई घरी जायच्या आधी दहा मिनिटांत आयब्रो उरकून जाते आणि साध्या पार्लरात काम शंभराच्या आत होतं. गणपती, दिवाळी, संक्रांतीचं हळदीकुंकू यांच्या आदल्या दिवशी मात्र बाहेरच्या बाकड्यावर बसायला जागा मिळत नाही. कितीतरी मुलींची पहिली आयब्रो दहावी-बारावीची परीक्षा संपल्यावर होते, तीसुद्धा आईला बरेच दिवस मनवून.

दोरा साधा सुती. एक टोक पार्लरवाली ताई दातात धरते, बाकीचा दोन्ही हातांत घेऊन मधे पाच-सहा पीळ घालते, आणि मग बोटं उघडली की पीळ पुढे सरकतो, मिटली की मागे येतो, त्या पिळात केस अडकतो आणि वाढीच्या उलट दिशेने खेचला जाऊन मुळातून निघतो. कोरोनानंतर पुष्कळ जणींनी तोंडातला दोरा सोडून तो गळ्यात अडकवायला सुरुवात केली आणि माझ्या मते हे फार चांगलं झालं, तोंडातला दोरा दुसऱ्याच्या चेहऱ्याला लागू नये हे आधीच व्हायला हवं होतं. सुरुवातीला टाल्कम पावडर लावतात म्हणजे घाम सुकतो आणि केस सुटे दिसतात. गिऱ्हाइकाने एका हाताने कपाळ वर आणि दुसऱ्या हाताने पापणी खाली ताणून धरायची असते, ताई 'घट्ट धरा हं' म्हणत राहते कारण कातडी सैल पडली की दोऱ्याने चिरते. शेवटी बर्फ, गुलाबपाणी किंवा कोरफडीचं जेल. शिकाऊ मुली हात बसेपर्यंत स्वतःच्याच पायावरचे केस काढून सराव करतात.

खरं कौशल्य केस काढण्यात नाही, कुठले ठेवायचे ते ओळखण्यात आहे. ढोबळ हिशोब असा की नाकपुडीच्या कडेपासून सरळ वर रेघ धरली तर तिथे भुवई सुरू व्हावी, नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून जाणारी रेघ जिथे पोचते तिथे ती संपावी, आणि कमान बुबुळाच्या बाहेरच्या कडेच्या वर यावी. पण कुणाच्याच दोन भुवया एकसारख्या नसतात, आणि घाईतली ताई एक थोडी बारीक झाली म्हणून दुसरी बारीक करते, मग पुन्हा पहिली, असं करत शेवटी दोन्हीकडे नुसती रेघ उरते. १९९०च्या दशकात बारीक भुवयांची फॅशनच होती आणि तेव्हा वर्षानुवर्षं कोरून घेतलेल्या कितीतरी जणींच्या भुवया नंतर पूर्ण भरल्याच नाहीत, कारण सारखा उपटलेला केस कधीकधी परत येत नाही. म्हणून जाणती ताई आधी 'ग्रोथ येऊ द्या' म्हणून तीन-चार आठवडे थांबायला लावते आणि काम बहुतेक खालच्या बाजूने करते. भुवईचं बाहेरचं टोक आपोआप विरळ होत असेल तर ते थायरॉइडचंही लक्षण असू शकतं, तेव्हा नुसती पेन्सिल फिरवून गप्प बसू नये, डॉक्टरला विचारावं.

टिंटचा रंग साधारण तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कालवतात, भुवईच्या भोवती व्हॅसलीन लावतात म्हणजे कातडीवर डाग पडत नाही, आणि थोड्या मिनिटांत पुसून काढतात. केसांवर तो तीन ते सहा आठवडे टिकतो. क्रम आधी रंग, मग दोरा असा हवा, नुकत्याच थ्रेडिंग केलेल्या कातडीवर केमिकल झोंबतं, शिवाय रंगामुळे बारीक लव दिसायला लागते आणि शेप नीट येतो. हिना ब्रोमध्ये कातडीलाही रंग चढतो, पण शुद्ध मेंदीचा रंग नारिंगी-तपकिरीच येतो, त्यामुळे काळीभोर 'हिना' दिसली तर त्यात दुसरं काय घातलंय ते विचाराच.

आणि इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. डोक्याला लावायचा हेअर डाय उरला म्हणून तोच भुवयांना लावायची सवय घराघरात आणि काही पार्लरांतही आहे. त्या डायच्या पाकिटावर भारतातल्या नियमाप्रमाणे स्पष्ट इशारा छापलेला असतो की पापण्या किंवा भुवया रंगवायला वापरू नये, आंधळेपण येऊ शकतं. हा इशारा उगाच भीती घालायला नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत 'लॅश ल्युअर' नावाच्या पापण्यांच्या रंगाने बायकांची दृष्टी गेली, एक मृत्यूही झाला, आणि १९३८ साली तिथे सौंदर्यप्रसाधनांना लगाम घालणारा कायदा आला त्यामागे हेही एक कारण होतं. रंगातल्या पीपीडी नावाच्या घटकाची अ‍ॅलर्जी आधी डाय लावताना काही झालं नसलं तरी पुढे कधीही होऊ शकते. म्हणून टिंटच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून बघायचं. ताईला वेळ नसेल तर त्या दिवशी टिंट राहू द्या.

दोऱ्यानेसुद्धा त्रास होतो, मात्र बहुतेक अस्वच्छतेमुळे. एकाचा दोरा दुसऱ्याला वापरला तर चामखिळी आणि जंतुसंसर्ग पसरू शकतो, त्यामुळे रिळावरून तुमच्यासमोर नवा दोरा तोडला जातोय का ते बघणं हा तुमचा हक्क आहे. पिंपल्ससाठी रेटिनॉइड क्रीम किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ताईला आधीच सांगायचं, कातडी नाजूक झालेली असते आणि वॅक्सने तर सोलवटतेच. नवरीची आयब्रो हळदीच्या दिवशी करू नये, तीन-चार दिवस आधी करावी, म्हणजे लाली उतरलेली असते आणि हळद झोंबत नाही.