पंचगंगेचं पाणी आणि उंदराचं यकृत: एका परीक्षेची मागची हकीकत

उन्हाळा लागला, नदीची धार बारीक झाली की शिरोळ तालुक्यात, विशेषतः तेरवाड बंधाऱ्यापाशी, पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी येते. कार्यकर्ते बंधाऱ्यावर जमतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लोक पाण्याचे नमुने घेऊन जातात आणि दोष कुणाचा यावर वाद रंगतो. मळीमिश्रित पाणी, इचलकरंजीच्या कापड प्रोसेसचं रंगीत पाणी की कोल्हापूरच्या जयंती आणि दुधाळी नाल्यांचं मैलापाणी? अलीकडे या वादात एक नवा पुरावा पुढे केला जातो. ‘अमुक रसायनाने उंदरांचं यकृत निकामी’ असं कात्रण मोबाइलवर फिरतं आणि नदीकाठच्या गावात त्याचा अर्थ लावला जातो की आपलंही गेलंच.

त्या उंदराला नेमकं काय पाजलं होतं, किती आणि किती दिवस, हे कात्रणात नसतं. सगळी गोम त्यातच आहे. हे प्रश्न विचारायची शिस्तही आपोआप आली नाही. बहुतेक वेळा आधी माणसं मेली आणि मग नियम झाले.

सुरुवात साधारण १८१४ मध्ये धरायला हरकत नाही. मातेओ ऑर्फिला या मूळच्या स्पॅनिश डॉक्टरने पॅरिसमध्ये कुत्र्यांना एकेक विष देऊन त्याचे परिणाम नोंदवले आणि विषांवरचा मोठा ग्रंथ लिहायला घेतला. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्याच्याच कामातून पुढे एक गोष्ट पक्की झाली. पोटात गेलेलं आर्सेनिक पोटातच बसून राहत नाही, ते रक्तावाटे यकृतासारख्या अवयवांत जाऊन साठतं. तोवर खुनाच्या खटल्यात विष शोधायचं ते जठरात आणि ओकारीत. आता अवयव बोलू लागले.

यकृतच का, याचं कारण शरीराच्या नळजोडणीत आहे. आतड्यातून शोषलेलं घेऊन निघालेलं जवळपास सगळं रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून जातं. खाल्लेलं औषध असो की पाण्यातलं रसायन, पहिला जकात नाका तोच. तिथे त्याची मोडतोड होते आणि कधी कधी मूळ पदार्थापेक्षा मोडतोडीतून तयार झालेला पदार्थच जास्त घातक निघतो. उरलेलं मूत्रपिंडाच्या वाट्याला येतं. म्हणून या प्रयोगांत हे दोन अवयव आधी काढून पाहतात.

इचलकरंजीच्या वाचकाला १९३५ सालची टोकियोतली गोष्ट जवळची वाटावी. ताकाओकी सासाकी आणि तोमिझो योशिदा यांनी उंदरांच्या खाण्यात एक ॲझो रंग मिसळला. ॲझो म्हणजे कापड रंगवायला वापरतात त्याच मोठ्या कुळातला. महिनोन्‌महिने तो खाऊन उंदरांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी आल्या. खाण्यातून दिलेलं एखादं ठरावीक रसायन आतल्या अवयवात कर्करोग घडवतं, हे इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच दिसलं. पुढे लोण्याला पिवळेपणा आणणाऱ्या एका रंगाबाबतही तेच निघालं. या कुळातले सगळेच रंग घातक नाहीत. ज्यांच्यापासून शरीरात अमाइन नावाची काही विशिष्ट रसायनं सुटतात, त्यांची भीती. भारत सरकारने अशा अनेक रंगांवर १९९० च्या दशकात बंदी घातली. त्यामुळे ‘रंगाचं पाणी म्हणजे कॅन्सर’ हे सरसकट विधान जितकं चूक, तितकंच ‘नुसता रंग आहे हो, त्याने काय होतंय’ हेही चूक.

औषधांच्या बाबतीत धडा मिळाला तो १९३७ मध्ये, अमेरिकेत. सल्फा औषध पातळ स्वरूपात हवं म्हणून एका कंपनीने ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं आणि रासबेरीची चव देऊन बाजारात आणलं. रंग, चव, वास सगळं तपासलं. कुठल्या प्राण्याला पाजून मात्र पाहिलं नाही, कारण तसा कायदाच नव्हता. शंभरहून अधिक माणसं मेली आणि त्यात बरीच मुलं होती. लघवी बंद होऊन, मूत्रपिंडं निकामी होऊन ती गेली. नंतर शिकागोत उंदीर, ससे, कुत्रे यांना तेच औषध दिल्यावर दोष सल्फाचा नसून द्रावकाचा, हे उघड झालं. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, औषध विकण्याआधी सुरक्षितता दाखवण्याची सक्ती आली.

हा धडा आपण किती घेतला? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले आणि लेंटिन आयोग बसला. त्यातली भेसळ हेच डायइथिलीन ग्लायकॉल. २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या औषधाने गेली तेव्हाही पुन्हा तेच नाव आलं. इथे आणखी उंदीर मारून काहीच हाती लागणार नव्हतं. विष काय करतं ते पन्नास वर्षं, नव्वद वर्षं आधीच माहीत होतं. आलेल्या द्रावकाचं पिंप तपासायचं राहिलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांची बाजू घेणारे आणि विरोध करणारे दोघेही ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात, असं मला वाटतं.

कारखान्याच्या सांडपाण्याच्या बाबतीत सर्वांत बोलका प्राणी मात्र उंदीर नव्हता, मांजर होती. जपानमधल्या मिनामाता इथे माणसांना झटके, थरथर आणि अंधत्व आणणाऱ्या आजाराची नोंद १९५६ मध्ये झाली. गावातली मांजरं तर त्याआधीच वेड्यासारखी नाचून मरत होती. कारखान्याच्याच दवाखान्यातले डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १९५९ मध्ये मांजरीच्या खाण्यावर कारखान्याचं सांडपाणी घालून पाहिलं. प्रयोगातली ती चारशे नंबरची मांजर. ऑक्टोबरमध्ये तिलाही तीच लक्षणं दिसली. व्यवस्थापनाने निष्कर्ष दाबून ठेवला आणि सांडपाण्यातला पारा, म्हणजे या आजाराचं मूळ, समुद्रात जातच राहिला. जपान सरकारने कारखान्याला जबाबदार धरायला १९६८ उजाडावं लागलं. या प्रयोगाचं वेगळेपण असं, की होसोकावांनी बाटलीतलं शुद्ध रसायन वापरलं नव्हतं. पाइपमधून जे पडत होतं तेच वापरलं होतं.

आपल्याकडे प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० मध्ये आला आणि प्रयोगांवर देखरेख करणारी समिती १९६४ मध्ये. तिला खरी धार आली १९९८ च्या नियमांनंतर. त्यापुढे प्रत्येक संस्थेत नैतिक समिती आणि किती प्राणी, कशासाठी याचा हिशोब सक्तीचा झाला. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. म्हणजे इथल्या प्राणिशास्त्राच्या पिढ्या या संक्रमणातूनच गेल्या. बेडूक, झुरळ चिरून शिकलेले प्राध्यापक आज संगणकावरचं विच्छेदन शिकवतात, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये वर्गातलं विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवायला सांगितलं.

संशोधनातला प्रयोग असतो कसा, ते एकदा जवळून पाहायला हवं. उंदराचं रोज वजन करायचं, कारण मात्रा किलोमागे मिलिग्रॅमच्या हिशोबाने ठरते. मान घट्ट धरून, टोकाला गोळी असलेली बोथट सुई तोंडातून अलगद जठरापर्यंत न्यायची. हात चुकला आणि द्रव फुप्फुसात गेला तर उंदीर औषधाने नाही, हाताने मरतो. बऱ्याच चाचण्या २८ किंवा ९० दिवसांच्या असतात. एका गटाला नुसतं पाणी किंवा द्रावक देतात, तो तुलनेसाठी. शेवटी अवयव काढून त्यांचं वजन करायचं, फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवून काही मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे आणि ते जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवायचे. मटणवाल्याकडून कलेजी निवडून घेणाऱ्या कोल्हापूरकराला निरोगी यकृत वरून कसं दिसतं ते सांगायला नको. आतली गोष्ट सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. मधल्या शिरेभोवती पेशींच्या रांगा चाकाच्या आऱ्यांसारख्या असतात. पॅरासिटामॉलचा अतिडोस झाला की नेमक्या त्या शिरेजवळच्या पेशी आधी मरतात, कारण औषधाची मोडतोड करणारी विकरं (एन्झाइम) तिथे जास्त असतात आणि प्राणवायू कमी. हे १९७३ च्या सुमारास पांढऱ्या छोट्या उंदरांवर उलगडलं आणि त्यातूनच आज दवाखान्यात देतात तो उतारा, ॲसिटिलसिस्टीन, मिळाला.

हेच औषध मोठ्या जातीच्या उंदराला तितकं बाधत नाही. जात बदलली की उत्तर बदलतं आणि याची सर्वांत महागडी प्रचिती गिधाडांनी दिली. गुराला ताप, सूज आली की टोचायचं डायक्लोफिनॅक गुराला चालतं. त्या मेलेल्या गुराचं मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडतात आणि आतले अवयव युरिक ॲसिडच्या पांढऱ्या थराने माखतात. हे २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून कळलं, २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आणली, पण तोवर गिधाडं जवळजवळ संपली होती. नेहमीच्या चाचण्यांत गिधाड कधीच नव्हतं.

आता तेरवाडकडे पाहू. आसवनीचं, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्याचं, कच्चं सांडपाणी (स्पेंटवॉश) नदीत आलं तर त्याची जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या वर असते, साध्या मैलापाण्याची दोन-तीनशे. असा लोट आला की पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो आणि मासे गुदमरतात. अशा माशाचं यकृत तपासून विषाचा पत्ता लागेलच असं नाही. ते बिघडायला वेळच मिळालेला नसतो. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची साथ आली तेव्हाही यकृतावर घाला होता, पण तो मैलापाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई विषाणूचा. थोडं थोडं क्रोमियम, थोडी कीटकनाशकं, थोडी औषधं वर्षानुवर्षं एकत्र पोटात जाण्याचा प्रश्न तिसराच. एका रसायनाच्या २८ दिवसांच्या चाचणीत त्याचं उत्तर नसतं. पदवीसाठी एकच रसायन आणि एकच अवयव घेऊन केलेल्या प्रबंधांचा ढीग वाढवण्यापेक्षा नदीचंच पाणी आणि नदीतलेच मासे वर्षभर तपासले तर ते काम जास्त उपयोगी पडेल.

तशी सोय कायद्यात थोडीफार आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांनुसार सोडायच्या सांडपाण्यात, त्यात जास्तीचं पाणी न मिसळता, मासे ९६ तास ठेवायचे आणि त्यातले ९० टक्के जगले पाहिजेत. चारशे नंबरच्या मांजरीसारखंच हे, पाइपमधून येतं तेच वापरायचं. फक्त इथे मोजायचे ते मेले की जगले एवढंच. जगलेल्यांचे कल्ले, यकृत, मूत्रपिंड उघडून बघायला त्या मानकात सांगितलेलं नाही.